दरवर्षी अंगठाभर

पट्टा रंगवायचं काम डागनीकडे होतं. लोखंडी खांबाच्या सर्वांत वरच्या पट्ट्यावर रूनार आपला उजवा अंगठा आडवा टेकवायचा, डागनी त्याच्या वरच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायची आणि मधली जागा रंगवून काढायची. एका वर्षी पांढरा, एका वर्षी लाल. रंग वाळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग रूनार म्हणायचा, "देश अंगठाभर वर आला," आणि खडकावर नि भोवतीच्या होड्यांत उभे असलेले नागरिक टाळ्या वाजवायचे.

या वर्षीही तसंच झालं. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, वारा पडलेला, समुद्र आरशासारखा. रूनारला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं. त्याच्या नातवाने, लिनुसने, त्याच्या काखेत हात घालून त्याला खांबापाशी आणलं. अंगठा टेकवताना म्हाताऱ्याने डागनीकडे बघून डोळा मिचकावला. गेली चाळीस वर्षं तो असाच मिचकावत आला होता.

सुरुवातीला सगळं त्या मिचकावलेल्या डोळ्याएवढंच होतं. रूनार शिल्पकार होता, वासा शहरातल्या कलाशाळेत शिकवायचा. या किनाऱ्यावर जमीन समुद्रातून वर येते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला मुलूख अजून पाठ सरळ करतो आहे. आजोबा जिथे जाळी टाकायचे तिथे नातू गवत कापतो. रूनारने पाण्याखाली जेमतेम बुडालेला एक खडक शोधला, त्यात खांब रोवला, पाण्याच्या रेषेवर पहिला पट्टा काढला आणि जाहीर करून टाकलं की हा एक देश आहे, फक्त तो अजून यायचा आहे. नाव ठेवलं ब्लीवा, म्हणजे 'होणे'. पहिल्या फोटोत डागनीचा नवरा टूरे त्या खडकावर उभा आहे. पाणी पोटऱ्यांपर्यंत, अंगात लग्नातला कोट, हातात झेंडा. तो फोटो वर्तमानपत्रांत आला, लोक हसले, आणि नागरिक व्हायचंय म्हणून पत्रं येऊ लागली.

डागनी तेव्हा भूमापन संस्थेत नुकतीच लागली होती. जमीन किती वर आली ते मोजणं हेच तिचं काम. ती वर्षाला अर्ध्या अंगठ्यानेही वर येत नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि अलीकडे समुद्रही फुगू लागल्याने तेवढंही पदरात पडत नव्हतं. पण खांब मोजणीसाठी नव्हताच. रूनारचा अंगठा जाड होता आणि पट्टा दुरून दिसायला हवा होता, एवढीच त्यामागची गोष्ट. संस्थेत दिवसभर केसाएवढे आकडे लिहून आल्यावर वर्षातून एकदा असा ढोबळ, खोटा, सुंदर पट्टा रंगवायला तिला मजा यायची.

ही गंमत गंभीर कधी झाली ते तिला सांगता आलं नसतं. हसणारे एकेक करून गेले, काही कंटाळले, काही वारले. टूरेही गेला. न हसणारे राहिले, आणि त्यांनी आपल्यासारखे आणखी आणले. आता हेलसिंकीहून, स्टॉकहोमहून माणसं यायची, पट्ट्यापुढे टोपी काढायची. खडक खळ्याएवढा रुंद उघडा पडला होता, आणि गेल्या वर्षी लिनुसने त्यावर लाकडी खोली बांधली होती.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर लिनुस पुढे झाला. त्याने डागनीच्या मुलीचा हात धरला होता. युलीचं पोट आता झग्यातून नीट दिसत होतं.

"आपण सगळे इथले नागरिक आहोत," लिनुस म्हणाला, "पण इथे जन्मलेलं आपल्यात कुणी नाही. नोव्हेंबरमध्ये एक जण असेल. युली इथेच बाळंत होणार आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मार्गिट नावाची एक निवृत्त परिचारिका होती, तिने डोळ्यांना रुमाल लावला. डागनीच्या हातातल्या ब्रशवरून रंगाचा थेंब खडकावर पडला. तिने रूनारकडे पाहिलं. रूनार पाण्याकडे बघत होता.

---

"मला आधी सांगायचं तरी," डागनी म्हणाली. दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, गावातल्या घरी, मध्ये वेलचीच्या पावाची थाळी आणि कॉफी.

"सांगितलं असतं तर तू तोंड तसं केलं असतंस."

"कसं?"

"आत्ता केलंयस तसं."

"नोव्हेंबरमध्ये त्या खडकावर पाणी चढतं, युली."

"चढतं म्हणजे काय? केवढा वर आलाय तो."

"केवढा?"

युलीने बसल्या बसल्या हात कमरेशी नेला. "एवढा. पट्टे बघ की."

"पट्टे रूनारच्या अंगठ्याचे आहेत. जमिनीचे नाहीत. तुला लहानपणी मी दहादा सांगितलंय."

"तू गमतीत सांगायचीस. आणि पुन्हा पुढच्या वर्षी जाऊन रंगवायचीस." युलीने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मग मी कशावर विश्वास ठेवायचा होता, तुझ्या बोलण्यावर की हातावर?"

डागनीने विषय पाण्याकडे नेला, कारण पाण्याविषयी तिला नीट बोलता यायचं. "तुम्ही सगळे तिथे ऑगस्टमध्ये जाता. दिवस मी निवडते. हवेचा दाब जास्त असेल, पाणी खाली दबलेलं असेल, असाच निवडते. म्हणून खडक मोठा दिसतो. नोव्हेंबरमध्ये दाब पडतो, नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि सगळं आखात आपल्याकडे कलतं. परातीतलं पाणी कलतं तसं. हे तू शाळेत शिकलीयस."

"म्हणजे आम्ही उन्हाळी पाहुणे."

"हो."

"बाबा तिथे उभे होते, आई."

"फोटोसाठी, बाळा. नंतर आठवडाभर नाक गळत होतं त्यांचं."

युलीने कप बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाली, "तू सगळं असंच लहान करून टाकतेस. बाबा गेले तेव्हाही तू मला हृदयाच्या झडपांचं चित्र काढून दाखवलं होतंस."

 डागनीने ते चित्र खरंच काढलं होतं. तिच्या मते ती माया होती.

आरोग्य केंद्रातल्या बाईने डागनीचं ऐकून घेतलं आणि म्हटलं की मुलगी सज्ञान आहे, कुठे बाळंत व्हायचं ते तिने ठरवायचं. आम्ही समजावू, ओढून आणू शकत नाही. तटरक्षकांचा माणूस म्हणाला, अडचण झाली की फोन करा. अडचण व्हायच्या आधी करता येतो का, असं डागनीने विचारलं तेव्हा तो हसला, वाईट हेतूने नव्हे.

धक्क्यावर बोर्ये जाळी वाळत घालत होता. मच्छीमार संघाचा तो जुना कारभारी. ब्लीवाचा खडक कायद्याने संघाचाच होता, आणि संघाने आजवर तिकडे कानाडोळा केला होता.

"काय डागनीबाई, तुमच्या पाण्यातल्या सरकारात राजपुत्र येतोय म्हणे," तो म्हणाला. "आम्ही खडकावर झाडं उगवल्याशिवाय साधी जाळ्यांची खोपटी टाकत नाही. तुमचे लोक एकदम पाळणाघर काढतायत."

"संघ त्यांना उठवू शकतो, बोर्ये."

"उठवू की. नोटीस काढू, वकील येतील, पेपरवाले येतील. मग ते हट्टाने बसतील." त्याने जाळ्यातलं शेवाळ उपटून फेकलं. "आत्ता निदान फक्त वेडाने बसतायत."

---

रूनार गावाबाहेर आपल्या जुन्या कार्यशाळेत राहायचा. डागनी गेली तेव्हा तो शेकोटीपाशी पायांवर घोंगडी घेऊन बसला होता.

"तू सांग त्यांना," ती म्हणाली. "हसून सांग. गंमत होती म्हणावं. तुझं ऐकतील."

"सांगितलं होतं," रूनार म्हणाला. "लिनुसलाच. खोली बांधायला निघाला तेव्हा. म्हटलं, पोरा, तो अंगठा माझा होता, देवाचा नव्हे. काय म्हणाला ठाऊक आहे? आजोबा, तुम्ही थकलात."

"आणि तू गप्प बसलास."

"गप्प नाही बसलो. मला बरं वाटलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळा मिचकावला नाही. "माझी शिल्पं कुठे आहेत सांग. तीन नगरपालिकेच्या तळघरात, एक वितळवलं. हे एकच उभं आहे. आणि हे मी केलं असं म्हणायचीही सोय राहिलेली नाही, ते आपल्या पायांवर चाललंय. किती जणांच्या नशिबी येतं?"

"ती माझी मुलगी आहे, रूनार."

"पोटातलं माझं पणतवंड आहे." मग तो म्हणाला, "मला नको समजावूस. मला सगळं समजतं, म्हणून माझा उपयोग नाही. त्यांना पाणी दाखव. शब्दांनी नाही ऐकणार. तू मोजणारी ना? मग दाखव."

ते तिला पटलं. खरं तर तिला सुटल्यासारखंच झालं. दाखवणं तिला जमत होतं.

ऑक्टोबरच्या मध्याला नैर्ऋत्येचा पहिला जोराचा वारा आला. वारा ओसरल्यावरही पाणी काही तास चढलेलंच राहणार हे तिला माहीत होतं. तिने सगळ्यांना निरोप धाडला: पट्ट्याची राखणदार जादा सभा बोलावते आहे, खडकावर. पट्टा रंगवणारीला ब्लीवात हेच नाव होतं, आणि सभा बोलवायचा अधिकारही; तोवर तिने तो कधी वापरला नव्हता. बऱ्यापैकी माणसं आली. बोर्येने आपली मोठी नाव दिली, वर म्हणाला, "मलाही बघायचंय."

खडक नव्हता. पाणी करडं, जड, अजून उसळतं, आणि त्यातून खांब वर आलेला. खोली अर्ध्या दारापर्यंत बुडाली होती. एक खुर्ची खिडकीवर आतून टकटक आपटत होती. अर्धे पट्टे पाण्याखाली होते.  मार्गिटने टोपी काढली.

डागनीने काहीही समजावलं नाही. बघू दिलं. तिला वाटलं, झालं. इतकी वर्षं तिने लोकांना आकडे दाखवले होते. डोळ्यांनी पाहिलेलं पाणी कुणी नाकारलं असं तिच्या अनुभवात नव्हतं.

मग लिनुस होडीत उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, पण हळूहळू त्यावर वेगळंच काही आलं. "वरचे पट्टे कोरडे आहेत," तो म्हणाला.

"लिनुस," डागनी म्हणाली.

"बघा ना. देश बुडालेला नाही. देश तिथे आहे, वर. चूक माझी आहे. मी घर खाली बांधलं."

कुणीतरी मोठा श्वास सोडला. मग दुसऱ्याने. सगळ्या होड्यांमध्ये माणसं खांबाच्या वरच्या टोकाकडे पाहू लागली, आणि बुडालेल्या अर्ध्याकडे पाहायचं थांबली. मार्गिट काहीतरी गुणगुणू लागली, मागून दोघे-तिघे त्यात मिसळले.

"लिनुस, हा वारा अर्ध्या ताकदीचा होता. म्हणून पाणी अर्ध्यावर आहे."

"बरोबर. म्हणूनच अर्ध्यावर थांबलं." तो प्रेमाने बोलत होता. "डागनी, तुम्ही हे दाखवलं नसतं तर आम्ही युलीला तिथे खालीच ठेवलं असतं."

युलीने शेजारून आईचा हात दाबला. तिचे डोळे भरले होते. "थँक यू, आई. मला वाटलं होतं, तू आमच्या विरुद्ध आहेस."

सुकाणूवर बसलेला बोर्ये डागनीकडे बघत होता. परतीच्या वाटेवर तो एक अक्षर बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यानेच तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

---

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांनी खोली उचलून लोखंडी पायांवर घेतली. खोलीची जमीन बरोबर सर्वांत वरच्या पट्ट्याला लावली. लिनुस चांगला सुतार होता. पाय खडकात खोल रोवलेले, तिरके आधार दिलेले, शिडी, कठडा. त्याने डागनीला पातळी तपासायला बोलावलं. ती गेली, कारण युली तिथे असणार होती. काचेच्या नळीतला बुडबुडा अगदी मध्ये थांबला होता. तसूभरही चूक नव्हती.

"कसं झालंय?" लिनुसने विचारलं.

"सपाट आहे," डागनी म्हणाली.

घरी आल्यावर तिने ठरवलं की आता पाण्याविषयी बोलायचं नाही. युली निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधायला आली तेव्हा डागनीने तिला राय धान्याची भाकरी, भाजलेला मासा, लोकरीचे मोजे दिले. मग म्हणाली, "मी तिथे येणार नाही."

"का?"

"आले तर माझं लक्ष तुझ्याकडे राहणार नाही. खिडकीबाहेर राहील. तू कळा देत असशील आणि मी लाटा मोजत असेन. तुला तशी आई नकोय तिथे."

युलीने मोज्यांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "भीती वाटते तुला?"

"हो."

"तू आजवर असं कधी म्हणाली नाहीस."

"विचारलं नव्हतंस."

युली गेली. पण दारातून वळून तिने आपला फोन वर करून दाखवला, चार्ज केलाय अशा अर्थी. ते तिने कुणी न सांगता केलं होतं.

हवा दोन दिवस छान राहिली. तिसऱ्या सकाळी डागनी उठली तेव्हा भिंतीवरच्या दाबमापकाचा काटा डावीकडे घसरला होता. तिने काचेवर बोट वाजवलं, काटा आणखी घसरला. बाहेर अजून झुळूकही नव्हती. धक्क्याच्या लाकडी खांबांवरून पाणी आवाज न करता वर सरकत होतं, वारा यायच्या आधीच.

दुपारी फोन आला.

"आई, पाणी कुठवर येईल?"

इतक्या वर्षांत युलीने तिला हा साधा प्रश्न विचारला नव्हता. डागनी आधी खुर्चीत बसली, मग उत्तर दिलं. "सगळ्यांत वरच्या पट्ट्याच्याही वर. लाटा वेगळ्या. आत्ता कुठे आहे?"

"शिडीच्या तिसऱ्या पायरीला. लिनुस म्हणतो, थांबेल." तिचा श्वास मध्येच अडला, मग लांबला. "आई, सकाळपासून पोटात कळा येतायत. मार्गिट उद्या येणार होती. इथे लिनुस आणि आजोबाच आहेत."

"रूनार तिथे आहे?"

"हट्टाने आलेत. म्हणाले, मी नसेन तर हा जन्म कसला."

"मी निघतेय. उबदार कपडे घाल, बूट घाल. दुसरं काही घेऊ नकोस."

बोर्ये धक्क्यावर आपल्या नावेच्या दोरांना गाठी मारत होता. तिने काही विचारायच्या आधीच त्याने त्या सोडायला सुरुवात केली. "तटरक्षकांना कळवलंय," तो म्हणाला. "ते वासाच्या पलीकडे कुणाच्या तरी मदतीला गेलेत. वेळ लागेल."

खडकापाशी पोचेपर्यंत वारा पूर्ण भरला होता आणि उजेड जाऊ लागला होता. खोली पाण्यावर उभी होती, लांब पायांच्या पक्ष्यासारखी, आणि प्रत्येक लाटेला तिचे पाय खालून गुरगुरत होते. लिनुसने युलीला शिडीवरून उतरवलं. तो कमरेपर्यंत पाण्यात होता. बोर्येने तिला एका हाताने नावेत ओढून घेतलं.

"आता तू," डागनी ओरडली.

"आजोबा उतरत नाहीत," लिनुस म्हणाला. त्याचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. "मी सांगतोय, ते उतरतच नाहीत."

दारात रूनार खुर्चीवर बसला होता, घोंगडी गुंडाळून. त्याने हात हलवला. या, या, असा नव्हे. जा, जा, असा. मोठी लाट नावेला खांबाकडे घेऊन गेली, बोर्येने शिवी हासडून इंजिन उलटं फिरवलं.

"लिनुस, त्याला सोड आणि ये," डागनी म्हणाली. ती असं म्हणाली हे तिला नंतर कधीही नाकारता आलं नाही.

लिनुसने युलीकडे पाहिलं. युली नावेच्या तळाशी दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती, डोळे मिटलेले. तो शिडी चढून वर गेला.

"परत एकदा जवळ जाता येणार नाही," बोर्ये म्हणाला. "आता हिलाच नेऊन पोचवू."

---

मूल वासाच्या इस्पितळात पहाटे झालं. मुलगी. ठणठणीत, लाल, मुठी आवळलेली. डागनीने तिला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ तिला काहीही मोजावंसं वाटलं नाही.

तटरक्षकांना खोली सापडली नाही. लोखंडी पाय वाकून एका बाजूला पडले होते. लिनुस खांबाला मिठी मारून होता. दोराने स्वतःला आणि आजोबाला त्याने खांबाशी बांधून घेतलं होतं. रूनार थंडीने गेला होता. लिनुसची बोटं वाचतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. वीसेक जण असावेत. वॉर्डाच्या दाराशी त्यांनी बूट काढले आणि मोज्यांवर आत आले, कुणी हसत नव्हतं, कुणी रडतही नव्हतं. मार्गिटने वेलचीच्या पावांची टोपली आणली होती. मध्ये लिनुस होता, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले, नजर खाली.

"रूनार आपल्या जमिनीवर गेला," मार्गिट म्हणाली. तिचा आवाज परिचारिकेचा होता, मऊ आणि न घाबरवणारा. "आपला पहिला. एक गेला, एक आली. तुम्ही थकला असाल, आम्ही बसणार नाही. एकच विचारायचंय, युली. तिथेच सुरू झाल्या असतील तर बाळ तिथलंच. कळा कुठे सुरू झाल्या?"

युलीने बाळाला जवळ ओढलं. तिने मार्गिटकडे पाहिलं, लिनुसच्या हातांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"ती झोपेत होती, तिला आठवत नाही," डागनी म्हणाली.

"मग तुम्ही सांगा, डागनी. राखणदार तुम्ही आहात. तुम्ही म्हणाल तेच आम्ही धरू. आजवर तेच धरत आलोय."

खोलीत बाळाच्या श्वासाचा आवाज येत होता. डागनीला फोनवरचं ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं, सकाळपासून, पोटात. लिनुसलाही माहीत होतं. तो तिथेच होता. त्याने मान वर केली आणि डागनीकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं तर सगळं संपलं असतं. त्याचे ओठ हलले, पण तो बोलला नाही.

"धक्क्यावर," डागनी म्हणाली. "गावात. नावेतून उतरल्यावर."

"धक्क्यावर," मार्गिटने ते शब्द सावकाश उच्चारले, जणू वजन करून पाहत होती. तिने मागे वळून इतरांकडे पाहिलं. कुणी वाद घातला नाही. कुणाच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती, आणि ते डागनीला सर्वांत वाईट वाटलं.

"बरं," मार्गिट म्हणाली. तिने टोपली पलंगाच्या कडेला ठेवली आणि वाकून बाळाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "काही घाई नाही. मोठी झाली की तीच विचारील, मी कुठची. आम्ही असू इथेच. वाट बघायची आपल्याला सवय आहे."

"बाहेर जा," युली म्हणाली.

ते लगेच निघाले, एकेक करून, दाराशी वाकून बूट हातात घेत. लिनुस सगळ्यांत शेवटी गेला. डागनीने दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पावलं लांब जातील याची ती वाट पाहत होती. पावलं लांब गेली नाहीत. बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, एक, मग आणखी, आणि मग माणसं बसली.